तलवार सेकंडहँड, गंज मात्र फ्रेश

लोक सेकंडहँड बाइक घेतात, सेकंडहँड फ्रिज घेतात, फारच झालं तर सेकंडहँड गिटार घेऊन वर्षभर कपाटावर ठेवतात. मी तलवार घेतली. हसू नका. अप्रेझल नुकतं झालं होतं, हातात चार पैसे जास्त आले होते आणि अशा वेळी माणसाची सारासार बुद्धी कशी चालते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

झालं असं, की ऑफिसमधल्या एका मित्राने लग्नातल्या एंट्रीसाठी तलवार घेतली होती. शेरवानी भाड्याची, घोडा भाड्याचा, फेटा बांधणारासुद्धा भाड्याचा. तलवार तेवढी विकतची. फोटोग्राफर म्हणाला होता की फ्रेममध्ये 'प्रॉपर' दिसली पाहिजे. लग्न झालं, टू बीएचकेचा ताबा मिळाला आणि वहिनींनी जाहीर केलं, की हॉलमध्ये एक तर टीव्ही युनिट राहील, नाही तर तलवार. तलवार हरली. कॅन्टीनमध्ये सौदा ठरला. पंधराशे रुपये, म्यानासकट. वर चहाचे पैसेही त्यानेच दिले. मला तिथेच शंका यायला हवी होती.

दिसायला मात्र फक्कड. सतराव्या शतकातल्या मराठा तलवारीची प्रतिकृती. पितळी मूठ, बोटांवरून वळून येणारी परज, लाल मखमलीचं म्यान, पावणेतीन फुटांचं पातं. मूठ धरली की आपोआप खांदे मागे जातात आणि हनुवटी वर होते. पाच महिने मी तिला हॉलमध्ये सोफ्याच्या वरच्या भिंतीवर टांगून ठेवलं. येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी ती उपसायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा म्यानात सारायचा. खंडेनवमीला मी लॅपटॉप, स्कूटरची किल्ली आणि तलवार अशी तिघांची एकत्र पूजा केली. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, फोटोला लाइक्स मिळाले. दुसऱ्या दिवशी फूल काढलं आणि पातं तसंच म्यानात घातलं.

बस्स. एवढाच माझा मेंटेनन्स.

मूठ हातात, पातं अंगणात

दिवाळीला आजोळी गेले. ढोकीला. धाराशिव जिल्ह्यात लातूर–बार्शी रस्त्यावरचं हे गाव. बाहेरचे लोक त्याला तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखतात. शेजारीच तेर आहे. एकेकाळी रोमपर्यंत व्यापार करणारं तगर ते हेच, आणि गोरोबाकाका कुंभारांचं गावही हेच. तलवार गाडीच्या डिकीत चादरीत गुंडाळून नेली, कारण मामेभावाच्या पोराला मी फोनवर वचन देऊन बसले होते. भाचा सहावीत आहे. शाळेत शिवजयंतीला मर्दानी खेळांचं प्रात्यक्षिक बसवणार आहेत आणि "माझ्या आत्याकडं खरी तलवार हाय" हे त्याने अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं होतं.

पाडव्याच्या सकाळी अंगणात मामेभावाने मोबाइल धरला, मी ओढणी कमरेला खोचली आणि भाच्याला म्हटलं, "बघ हं." पहिला फेरा छान गेला. दुसऱ्याला मुठीतून काहीतरी खुळखुळ वाजलं. तिसऱ्याला माझ्या हातात फक्त मूठ राहिली.

पातं अंगण ओलांडून तुळशीवृंदावनावर आदळलं. कोपऱ्याची फरशी उडाली. मिनिटभर आधी मामी तिथेच बसून रांगोळी काढत होती. रंग संपला म्हणून नुकतीच उठून आत गेली होती.

धार नव्हती म्हणून काही झालं नसतं, असं मी नंतर स्वतःला समजावून पाहिलं. पण किलोभर वजनाची लोखंडी पट्टी तेवढ्या वेगाने येते तेव्हा धारेचा प्रश्नच उरत नाही. कोणी काही बोललं नाही. मामीने बाहेर येऊन रांगोळीचा डबा उचलला आणि आत नेला. भाच्याने मात्र विचारलं, "आत्या, ती खोटी होती?"

मामा म्हणाले, "तात्याकडं जाऊ."

कच्चं मडकं

तात्या लोहार. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, आत भाता, ऐरण आणि पुढ्यात कोयत्यांचा ढीग. दिवाळी म्हणजे गळीत हंगामाची सुरुवात. ऊसतोडीच्या टोळ्यांचे कोयते याच दिवसांत नीट होतात. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा एक तुकडा भट्टीत लाल होत होता. तात्यांनी माझ्या तलवारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं काम संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. क्लायंटला वाट बघायला लावायची ही पद्धत मी आमच्या डायरेक्टरखेरीज प्रथमच कुणाची पाहिली.

मग त्यांनी पातं हातात घेतलं. आधी बुड. मुठीत शिरणारी पात्याची शेपटी म्हणजे तलवारीचा जीव. चांगल्या तलवारीत ती पात्याचाच भाग असते, एकाच लोखंडातून पुढे आलेली, रुंद आणि जाड. माझ्या तलवारीला शेपटीच नव्हती. पात्याच्या सपाट बुडाला पेन्सिलीएवढ्या जाडीची तीन इंचांची सळई वेल्ड केलेली होती आणि मुठीच्या पोकळीत ती इपॉक्सी पुट्टीने चिकटवलेली. वेल्डिंगच्या जोडावर केसाएवढी भेग होती. म्हणजे त्या दिवशी पुट्टी सुटली नसती, तर पुढच्या वेळी जोड तुटला असता.

मग त्यांनी पात्यावर कानस ओढून पाहिली. मऊ लोखंड असेल तर कानस चावते, पाणी दिलेलं पोलाद असेल तर ती वरून घसरते. कानस घसरली. पात्याचं टोक लाकडी ओंडक्यावर टेकवून त्यांनी हलकेच दाब दिला. पातं वाकलं आणि सोडल्यावर सरळ झालं. शेवटी बोटाच्या पेराने टिचकी मारून कानाशी धरलं. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींची डोकी थापटण्याने थापटून कोणतं मडकं कच्चं ते सांगितल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ती गोष्ट मला आठवली आणि आता निकाल लागणार म्हणून मी श्वास रोखला.

"पातं पक्कं हाय," तात्या म्हणाले. "जोड कच्चा. कमानपाट्याच्या लोखंडाला ही मऊ सळई चिकटवलीया. दिसतंय कुणाला आतलं?"

मी म्हटलं, पुन्हा वेल्ड करून द्या की मग.

"वेल्डिंग तिथं टिकलं तरी शेजारी तुटंल."

याचं शास्त्र मी नंतर वाचून समजून घेतलं. कार्बन जास्त असलेलं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेनंतर झपाट्याने थंड झालं, की जोडाच्या कडेला ते काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणजे जोड मजबूत आणि शेजार कमकुवत. सोसायटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल.

तलवारही असेंबल्डच

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण माझा सगळ्यात मोठा गैरसमज हाच होता. मला वाटायचं, की पातं एकीकडचं आणि मूठ दुसरीकडची म्हणजे काहीतरी बनावट. पूर्वीची तलवार कशी एकाच कारागिराच्या हातची, अखंड असणार!

तसं अजिबात नाही. मराठ्यांच्या काळात युरोपात बनलेली पाती समुद्रमार्गे इथे येत आणि त्यांना इथल्या मुठी बसवल्या जात. अशा तलवारीला नावच होतं 'फिरंग'. आपल्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर असेंबल्ड पीसी. प्रोसेसर बाहेरचा, कॅबिनेट गल्लीतलं. पातं पिढ्यान् पिढ्या टिके, मूठ बदलली जाई.

याचं ताजं उदाहरण आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनमध्ये लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. त्या तलवारीचं सरळ, एकेरी धारेचं पातं युरोपीय बनावटीचं आहे, मूठ इथल्या घडणीची आणि पात्यावर सोन्याची देवनागरी अक्षरं. म्हणजे ४७ लाखांची तलवारही फिरंगच, आणि माझी पंधराशेचीही एका अर्थाने तशीच. फरक कुठे? त्या जुन्या कारागिरांनी पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे कंजुषी केली नव्हती.

जुनी पद्धत साधी आणि फार हुशार होती. पोकळ मुठीत वितळलेली लाख आणि विटेची बारीक पूड यांचं मिश्रण भरायचं. पात्याची शेपटी तापवायची आणि आत दाबायची. लाख निवली की गच्च धरते. पुढेमागे मूठ बदलायची वेळ आली तर ती पुन्हा ऊब देऊन सोडवता येते. तोडफोड करायची गरजच नाही. ज्याची दुरुस्ती करता येते असाच जोड त्यांनी बनवला होता. आपल्या मोबाइल कंपन्यांनी यावर एकदा चिंतन शिबिर घ्यायला हरकत नाही.

चार इंचांचा प्रश्न

तात्यांनी मला दोन पर्याय दिले. पहिला, पुन्हा पुट्टी भरायची आणि तलवार भिंतीवर टांगायची. खर्च शंभर रुपये. हातात घ्यायची नाही, कुणाला घेऊ द्यायची नाही. दुसरा, सळई कापून टाकायची आणि पात्याच्याच बुडातून शेपटी काढायची. म्हणजे खालचे चार इंच दोन्ही बाजूंनी घासून अरुंद करायचे आणि मुठीत घालायचे. जोडच नाही, त्यामुळे जोड तुटण्याचा प्रश्न नाही. पण पातं चार इंचांनी आखूड होणार.

खोटं कशाला बोलू, माझा जीव खालीवर झाला. पावणेतीन फूट सांगून मी किती जणांवर इम्प्रेशन मारलं होतं! भाच्याचाही चेहरा पडला. मामा तेवढे म्हणाले, "अगं, हातात तरी राहील का न्हाई?"

दुसरा पर्याय घेतला. तात्यांनी पात्याचा वरचा भाग ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि फक्त बुडाकडचे चार इंच तापवून हळूहळू निवू दिले. शेपटी मऊच बरी, ती चिवट राहते. उरलेल्या पात्याचं पाणी मात्र उतरता कामा नये. मग घासून दोन्ही बाजूंनी खांदे काढले. खांद्याचे कोपरे काटकोनात न ठेवता गोलसर ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यातूनच भेग सुरू होते. मूठ राखेत ठेवून गरम केली, आतली जुनी पुट्टी कोरून काढली, लाख आणि विटेची पूड भरली आणि पातं बसवलं. लाख निवल्यावर पितळेतून आरपार भोक पाडून एक आडवी खीळ ठोकली.

लाख आहे तर खीळ कशाला? कारण लाख उकळत्या पाण्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ होते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तलवार राहिली तर जोड ढिला पडायला वेळ लागणार नाही. जुने कारागीर लाखेवर विश्वास ठेवत, पण त्यांना आपल्या पार्किंगची कल्पना नव्हती.

कुंकवाचा गोल

मूठ बसली. आता गंज. पात्यावर तीन प्रकारचे डाग होते. पहिले, एका ओळीत चार लांबट डाग. ते पाहुण्यांच्या बोटांचे. घामात मीठ असतं आणि मीठ लोखंडाला सोडत नाही. दुसरा, पूर्ण लांबीभर पसरलेला तांबूस थर. तो म्यानाचा. मखमल आणि आतलं लाकूड पावसाळाभर दमट हवा शोषून घेतं आणि मग तीच ओल पात्याला चोवीस तास चिकटून राहते. तिसरा, मुठीजवळ रुपयाएवढा काळपट गोल.

"हितं कुंकू लावलं व्हतं का?" तात्यांनी विचारलं.

ओलं हळदकुंकू, त्यावर फुलाचा ओलावा आणि तसंच म्यानात बंद. तीन आठवड्यांत लोखंडाला खड्डा पडला होता. आमच्या जिल्ह्यात तलवार म्हटलं की पहिलं तुळजापूर आठवतं. नवरात्रात तिथे एक दिवस देवीची भवानी तलवार अलंकार पूजा असते. शिवरायांना देवीने तलवार दिली तो प्रसंग त्या पूजेत मांडलेला असतो. तलवारीपुढे हात जोडायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पुसायला मात्र कुणीच शिकवलेलं नसतं. पूजा जरूर करा. कुंकू कोरडं लावा, किंवा मुठीला लावा, आणि संध्याकाळी पातं पुसून तेलाचा हात फिरवूनच आत ठेवा.

गंज काढायची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. आधी शिलाई मशीनचं तेल लावून पातं रात्रभर तसंच ठेवायचं, म्हणजे गंज भुसभुशीत होतो. दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसायचं. राहिलेल्या डागांवर बारीक पॉलिश पेपर, ४०० नंबरपासून सुरू करून ८०० आणि मग १२००. पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा, तेलात बुडवायचा आणि मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने लांब हात मारायचे. गोल गोल घासलं तर ओरखडे उन्हात चमकतात. मला दोन संध्याकाळी लागल्या. कुंकवाचा खड्डा गेला नाही. तो घालवायला आजूबाजूचं पातं पातळ करावं लागलं असतं. काळेपणा काढला, खड्डा ठेवला.

आणि हो, ग्राइंडर नको. मलाही तोच मोह झाला होता. ग्राइंडरखाली पोलाद क्षणात तापतं आणि साधारण तीनशे अंशांना त्यावर निळी झाक येते. ती झाक ज्या कामात ठरवून आणलेली नाही, तिथे ती दिसली म्हणजे त्या जागेचं पाणी उतरायला लागलं असं समजा. शेपटीला जे चालतं ते पात्याला चालत नाही. लिंबू, चिंच, टॉयलेट क्लीनर असले आंबट प्रयोगही नकोत. गंज जातो, पण धुऊन कोरडं करेपर्यंत नवा येतो. पितळी मूठ पितांबरीने उजळवायची तर ओल्या फडक्यावर थोडीशी घेऊन पुसा, नळाखाली धरू नका. पाणी जोडात शिरलं तर आतल्या आत शेपटी गंजते आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. माझं तुळशीवृंदावन साक्षीला आहे.

एक गोष्ट मात्र ठळक अक्षरात वाचा. हे सगळं नव्या प्रतिकृतीसाठी. आजोबांच्या ट्रंकेत खरोखरच जुनी तलवार सापडली, पात्यावर अक्षरं, सोन्याचांदीचं काम किंवा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली, तर पॉलिश पेपर हातातसुद्धा घेऊ नका. तुम्ही जो 'मळ' घासून काढाल तोच तिचा इतिहास असू शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही, हे ऑनसाइटला जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. हलक्या तेलाचा हात द्या आणि जाणकार संग्रहालयाला विचारा.

धार लावू का?

आता तो प्रश्न, जो प्रत्येक पाहुणा विचारतो. मीही तात्यांना विचारला. एवढं केलंच आहे तर जरा धार लावून देता का?

तात्यांनी पुढ्यातल्या कोयत्यांकडे बोट केलं. "ही अवजारं हायती. धार नसंल तर ऊस तुटत न्हाई, पोट भरत न्हाई. तुला काय तोडायचंय?"

मला उत्तर देता आलं नाही. केक, असं म्हणणार होते; पण तोंडातल्या तोंडात राहिलं.

कायदाही जवळजवळ तात्यांच्याच भाषेत बोलतो. शस्त्र कायदा १९५९चा आणि त्याखालची नियमावली २०१६ची. त्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं, तलवारीसकट, शस्त्रांच्या एका स्वतंत्र गटात मोडतात. घरकामाची, शेतीची, कारखान्यातली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून कोयता उसाच्या फडात असला की अवजार, आणि तोच पुण्याच्या रस्त्यावर फिरवला की हत्यार. तलवारीला मात्र फड नाही. बोथट असेपर्यंत ती शोभेची वस्तू. धार लावली की तुम्ही स्वतःच्या हाताने तिचं शस्त्र केलंत. मग परवान्याचा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मित्रांच्या ग्रुपवर न शोधता जवळच्या पोलीस ठाण्यात विचारलेलं बरं. बर्थडेला तलवारीने केक कापला, रील टाकली आणि गुन्हा दाखल झाला, अशा बातम्या आपल्या राज्यात थोड्याथोड्या दिवसांनी येतच असतात. नोकरीसाठी पोलीस व्हेरिफिकेशन लागतं हे त्या उत्साहात कुणालाच आठवत नाही. केक मऊ असतो हो. प्लास्टिकच्या सुरीने कापला जातो.

घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

तुमच्याही ऑफिसात कुणाचं लग्न होऊन वर्ष उलटलं असेल आणि एखादी तलवार बाजारात येणार असेल, तर सौद्याआधी एवढं पाहा.

• मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मनगटावर थाप मारा. मुठीतून खुळखुळ किंवा झणझण आली तर जोड ढिला आहे.

• मुठीत शिरणारी शेपटी कशी आहे हे विचारा. विकणाऱ्याला माहीत नसेल तर ती सळई आहे असं धरून चाला. अशी तलवार भिंतीवरच राहू द्या.

• स्टेनलेस स्टीलचं लांब पातं गंजत नाही म्हणून खूश होऊ नका. तलवारीएवढ्या लांबीला ते आदळलं तर तुटू शकतं. चुंबकाने परीक्षा होत नाही. बऱ्याच स्वस्त स्टेनलेस पात्यांना चुंबक चिकटतो.

• चकचकीत मुलामा कुठे फुगलेला दिसला तर खाली गंज पसरलेला आहे.

• मुठीवर नवी पुट्टी किंवा गोंदाचे ओघळ दिसले तर किंमत निम्मी करा. किंवा निदान चहा तरी स्वतःच्या पैशाने पिऊ नका.

घरी आणल्यावर काम महिन्यातून दहा मिनिटांचं. कोरड्या फडक्याने पुसायचं, मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, मूठ हलते का बघायचं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढे खवट होतं. पातं कायम म्यानात ठेवू नका. म्यान फक्त मिरवायला आहे; मुक्कामाला नाही. उघडं पातं लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर, बाथरूमच्या भिंतीपासून लांब. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या टाकून न देता जवळ ठेवा. पाहुण्यांनी हात लावला की पाहुणे गेल्यावर पुसा. पाहुणे असताना पुसलं तर राग येतो. अनुभव आहे.

आणि भाचा?

तलवार आता दोन फूट पाच इंचांची आहे. मुठीजवळ कुंकवाएवढा एक खड्डा आहे. हलवली तर आवाज येत नाही. तात्यांनी मजुरी सांगितली सातशे रुपये. मी हजार पुढे केले, तर तीनशे परत दिले आणि म्हणाले, "फरशी बसवून घे मामीची."

भाच्याला मी सांगितलं, की शिवजयंतीला तलवार मिळेल, पण आधी तुमच्या शिकवणाऱ्या सरांनी ती हातात घेऊन बघायची, आणि ते म्हणतील तेव्हाच. सरांनी तपासली, मूठ पिळून पाहिली, मान डोलावली. आणि भाच्याच्या हातात काठी दिली. या वर्षी लाठी, पुढचं पुढे. पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. रोज संध्याकाळी सराव सुरू आहे म्हणे. मी विचारलं, तलवारीचं काय? ती मी त्याच्याकडेच ठेवून आले होते, मामांच्या खोलीत, उंच खुंटीवर.

"पुसलीया आत्या," तो म्हणाला. "तेल बी लावलंय. आजीनं कुंकू आणलं व्हतं, मी म्हटलं मुठीला लाव."